हातात

हे घडलेलं आहे. कुणाकडून ऐकलेलं नाही, वाचलेलं नाही. मी तिथे होतो, होडी माझी होती, सुकाणू माझ्या हातात होतं.

दिसलं फार थोडं. पण ऐकलं सगळं. सारा जन्म धुक्यात होड्या हाकल्या त्या या कानांच्या जिवावर, त्यामुळे कानांवर माझा डोळ्यांपेक्षा जास्त भरवसा आहे.

ज्यांना हसायचं असेल त्यांनी हसावं. असल्या गोष्टी ऐकून मीही पूर्वी पोट धरून हसायचो.

मी लिहायला फार उशिरा शिकलो. बायकोने शिकवलं, होडीतच, शिडाच्या सावलीत बसवून. हे मोबाइलवर एका बोटाने लिहितोय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. एरवी ती शेजारी बसून चुका दाखवते.

आज दाखवत नाही.

ते शेवटी सांगतो.

आधी आमच्या पाण्यावरची एक पद्धत समजून घ्या, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही.

होडी काठाला लावताना होडीतला माणूस दोर फेकतो आणि ओरडतो, "दोर!" काठावरचा माणूस तो झेलतो, टाचा रोवतो, अंगाचा सगळा भार टाकून मागे रेलतो आणि म्हणतो, "हातात!"

हा शब्द ऐकला की होडीतला शीड उतरवतो. शीड उतरलं की होडी त्याची राहत नाही, काठावरच्याची होते. त्याने धरली तर धरली. म्हणून हा शब्द कुणी थट्टेत बोलत नाही. दारू प्यालेला माणूससुद्धा नाही.

निघतानाही तसंच. होडीतल्याने "सोड!" म्हणायचं, काठावरच्याने "सोडला!" म्हणायचं आणि मगच दोर सोडायचा. "सोड" म्हटल्याशिवाय दोर ओढून घ्यायचा नाही. कापायचा तर नाहीच नाही. पलीकडे एक माणूस आपल्या भरवशावर मागे झुकलेला असतो.

माझा मेव्हणा दरवाजेवाला होता. नदी जिथे एकदम खाली उतरते तिथे पाणी अडवायला मोठा बंधारा आहे. बंधाऱ्याच्या शेजारी दगडी हौद, हौदाच्या दोन्ही टोकांना जाडजूड लाकडी दरवाजे. होडी हौदात घ्यायची, दरवाजे लावायचे, पाणी भरायचं किंवा सोडायचं, की होडी अलगद वर चढते नाहीतर खाली उतरते. हे काम त्याचं. हौदाच्या काठावरच त्याचं दोन खोल्यांचं घर.

सगळं पाणी त्याला दादा म्हणायचं. मीसुद्धा. माझ्या बायकोचा तर तो सख्खा दादाच. आईबाप लवकर गेले, त्यानेच तिला वाढवलं.

माणूस भारी बोलका. तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की हौद भरून रिकामा होईपर्यंत थांबायचा नाही. बायकोला तो टिटवी म्हणायचा, कारण लहानपणी ती त्या पाखरासारखी काठाकाठाने ओरडत फिरायची. मला म्हणायचा जावईबापू, आणि ते अशा सुरात की ऐकणाऱ्याला वाटावं, माझ्यासारखा निकम्मा जावई जगात दुसरा नसेल.

आम्ही दोघं थंडी सुरू झाली, मालाची कामं संपली, की होडी घेऊन निघायचो. काम नाही, घाई नाही. वाटेत एकेका मित्राकडे मुक्काम करत जायचं. कुणाकडे दोन दिवस, कुणाकडे चार. शेवटचा मुक्काम दादाकडे. तिथे सगळ्यात जास्त दिवस.

त्या वर्षी दादाच्या अलीकडचा मुक्काम होता शिडवाल्याकडे. हा माझा जुना दोस्त. शिडं शिवतो. त्याच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते, जिकडेतिकडे जाडं कापड, आणि मेण लावलेल्या दोऱ्याचा वास. तोंडात सुई धरूनच बोलतो.

"तुझा मेव्हणा म्हातारा झाला रे," तो मला म्हणाला.

"कोण म्हणतं?" बायकोने आतून विचारलं. तिचे कान माझ्याहून तिखट.

"मी नाही बाई. वाळूवाले म्हणत होते. आज सकाळीच इथून गेले, शिव्या घालत. दरवाजातून वर आले, बाहेर धुकं, जरा थांबावं म्हणून काठाला दोर टाकला. दादा म्हणाला, हातात. यांनी इंजिन बंद केलं. आणि लगेच दोर सैल. त्यांची नाव चालली की बंधाऱ्याकडे! कसंबसं इंजिन सुरू झालं म्हणून वाचले."

"मग ओरडले नाहीत का?"

"ओरडले तर! दोर सुटला, दोर सुटला म्हणून. तर धुक्यातून हा शांतपणे म्हणतो कसा... हातात."

शिडवाला हसला. बायको हसली नाही.

"माझा दादा हातात म्हणाला आणि दोर हातात नव्हता? जीभ झडेल तुमच्या वाळूवाल्यांची."

"अगं, माझ्यावर का उखडतेस? मी आपला सुई चालवणारा."

"सुई चालव. जीभ चालवू नकोस."

पण तिचं बिनसलं ते बिनसलंच. तिला तेव्हाच निघायचं होतं. धुकं मात्र असं दाट, की डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये. पाण्यावर एकही नाव हलत नव्हती. दोन दिवस आम्ही तिथेच अडकलो. ती सारखी दारात जाऊन उभी राहायची. जेवताना म्हणायची, "त्याला बरं नसेल हो. नाहीतर असं व्हायचं नाही."

तिसऱ्या दिवशी दुपारी धुकं जरा विरळ झालं.

"निघू या," ती म्हणाली.

"पुन्हा पडेल."

"पडू दे. घंटा आहे ना दादाची."

ते खरं होतं. धुक्यात दादा हौदाच्या काठावरची घंटा थोड्या थोड्या वेळाने वाजवायचा, कुणी येणार असो वा नसो. त्या घंटेच्या अंदाजाने आम्ही कितीदा तरी गेलो होतो. वरून येताना बंधारा डाव्या हाताला, दरवाजा उजव्या हाताला. घंटा उजवीकडे ठेवली की झालं.

आम्ही निघालो. वारा जेमतेम. शीड भरायचं, पडायचं, पुन्हा भरायचं.

संध्याकाळ व्हायला आली आणि धुकं पुन्हा उतरलं. आधी काठ गेले. मग डोलकाठीचं टोक गेलं. मग होडीच्या नाकाशी उभी असलेली बायको नुसती काळपट आकृती होऊन राहिली.

लांबून बंधाऱ्याचा आवाज यायला लागला. घरघर... कुणीतरी झोपेत घोरावं तशी.

आम्ही घंटेची वाट पाहत होतो.

घंटा वाजली नाही.

"जेवत असेल," मी म्हणालो.

"या वेळेला?"

मी कान लावून बसलो. पाण्यावर एरवी संध्याकाळी किती आवाज असतात. बदकं असतात, मासा उडी मारतो, काठावरचं कुत्रं भुंकतं. त्या दिवशी बंधाऱ्याची घरघर सोडली तर काहीच नव्हतं.

बायकोने दोराचं वेटोळं हातात घेतलं आणि तोंडाभोवती एक हात धरून हाक मारली, "दादाऽऽ!"

उत्तर नाही.

"दादाऽऽ! आम्ही आलोऽऽ!"

पुन्हा शांतता. आणि मग... अगदी जवळून...

"हातात."

मला हसू आलं. "अगं, दोर तर तुझ्याकडेच आहे. फेकण्याआधीच हातात कसा येईल? म्हण त्याला, आधी फेकू तर दे."

ती हसली नाही. तिने दोर फेकला. "दोर!"

दोर दगडावर पडला की थपकन वाजतो. पाण्यात पडला की छपाक होतं. हा दोर धुक्यात गेला आणि...

काहीच वाजलं नाही.

दुसऱ्याच क्षणी तो ताणला गेला. होडीला हिसका बसला.

"हातात."

आवाज दादाचा होता. शंकाच नाही. तो घोगरेपणा, 'त' वर दिलेला तो जोर. माझा जीव भांड्यात पडला. मी शीड उतरवायला दोरीला हात घातला.

"थांबा," बायको म्हणाली.

"का? हातात म्हणाला की."

"थांबा म्हणते ना." आणि मग तिने धुक्यात विचारलं, "दादा, घंटा का नाही वाजवलीस रे?"

"हातात."

"वहिनी बरी आहे ना?"

"हातात."

एकच शब्द. एकाच सुरात. मधे श्वाससुद्धा नाही.

होडीचं नाक वळायला लागलं होतं. मी सुकाणू दाबून धरलं, तरी ते वळतच होतं. दोर आम्हाला ओढत होता आणि तो सरळ ओढत नव्हता.

डावीकडे ओढत होता.

तेवढ्यात उजव्या अंगाला काहीतरी खरवडलं. कर्रर्र करत होडीच्या कडेने काहीतरी लांबलचक मागे गेलं. मला वाटलं काठच लागला. पण लगेच पुन्हा मोकळं पाणी. आणि ती घरघर आता घरघर राहिली नव्हती. समोर पाणी कोसळत असल्याचं स्पष्ट ऐकू येत होतं.

"अहो," बायको म्हणाली. ती मागे वळली नाही. "हा दादा नाही."

"आवाज त्याचाच आहे."

"आवाज त्याचाच आहे. पण त्याने मला एकदाही टिटवी म्हटलं नाही."

तिच्या कमरेला सुरी असायची. दोर गुंतला तर कापायला. तिने ती काढली.

"अगं, सोड तरी म्हण!" मी ओरडलो.

तिने ऐकलं नाही. किंवा ऐकलं, पण तेवढा वेळ नव्हता. सुरीच्या एका फटक्यात दोर तुटला.

आणि धुक्यातून आवाज आला...

"टिट..."

पुढचं पाण्याने गिळलं. धप्प. काहीतरी जड पडल्यासारखं.

मग काहीच नाही.

बायको सुरी हातात धरून तशीच उभी होती. मी सुकाणू अंगाच्या जोराने उजवीकडे टाकलं. शीड अजून वर होतं, देवाची कृपा म्हणा, थोडा वारा आला, आणि होडी वळून लव्हाळ्यांत घुसली, चिखलात रुतली. आम्ही जगलो होतो.

"ऐकलंत?" ती म्हणाली.

"काय?"

"तो टिटवी म्हणत होता."

"पाखरू असेल. खरीखुरी टिटवी. आपल्या आवाजाने उडाली असेल."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली.

आम्ही हाका मारल्या. घसा फाटेपर्यंत मारल्या. मग काठाकाठाने चाचपडत दादाच्या घरी गेलो.

खिडकीत दिवा होता. वहिनीने दार उघडलं. पदराला हात पुसत, हसत.

"आलात? या या, वन्सं. केवढ्या गारठला आहात! आणि हे कुठे राहिले?"

"कोण?" मी विचारलं.

"कोण म्हणजे? मघाशीच तर गेले तुमचा दोर घ्यायला. तुमची हाक ऐकली आणि चहा तसाच टाकून उठले. भेटले नाहीत?"

बायको भिंतीला धरून खाली बसली.

टेबलावर चार ताटं मांडली होती. खिडकीशी दादाची खुर्ची. तिच्यासमोर कप. काठोकाठ भरलेला. चहावर साय धरली होती.

खुर्चीची गादी ओली होती. खाली फरशीवर पाण्याचं थारोळं.

वहिनीने माझी नजर पाहिली. "ते होय? बघा ना, भाऊजी. वाळूवाल्यांची नाव गेली त्या दिवशी भिजून आले, ते अजून वाळायचं नाव नाही. कपडे बदला म्हटलं तर ऐकत नाहीत. धुक्याने अंगातच ओल धरली आहे."

"बरं आहे ना त्यांना?"

"तब्येत बरी आहे. पण गप्प आहेत हो." तिचा आवाज खाली आला. "एवढा बडबड्या माणूस, आणि दोन-तीन दिवस तोंडातून शब्द नाही. म्हणजे आहे, एकच आहे. चहा दिला की म्हणतात, हातात. ताट दिलं की, हातात. झोपा आता म्हटलं तरी, हातात. मी म्हटलं, म्हाताऱ्याला चेष्टा सुचली आहे. वन्सं आल्या की बोलतील भडाभडा."

ती हसायला गेली आणि मधेच थांबली. कारण आम्ही दोघंही तिच्याकडे पाहत नव्हतो. आम्ही दारापासून खुर्चीपर्यंत उमटलेली ओली पावलं पाहत होतो. ती सगळी आत येणारी होती.

बाहेर जाणारं एकही नव्हतं.

दादा सकाळी सापडला. धुकं उठल्यावर. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला लोखंडी गज आहेत, वाहून आलेला कचरा अडवायला. तिथे अडकला होता.

गावातून डॉक्टर आला. तरुण होता, पण आपलं काम नीट करणारा. त्याने अंगाकडे पाहिलं, हातांची कातडी पाहिली, आणि विचारलं, "हे किती दिवसांपासून बेपत्ता होते?"

"बेपत्ता कुठे? काल संध्याकाळी घरातून गेले," वहिनी म्हणाली.

"काल नाही, बाई. तीन दिवस तरी झाले आहेत पाण्यात. जास्तच, पण कमी नाही."

"तुम्हाला जास्त कळतं का? मी चहा दिला काल माझ्या हाताने!"

मी बोटांवर हिशोब केला. तीन दिवसांपूर्वी वाळूवाल्यांनी दोर टाकला होता. दादा म्हणाला होता, हातात. आणि दोर सैल पडला होता.

म्हणजे तो तेव्हाच गेला. धुक्यात पाय घसरला असेल. तोंडातला शेवटचा शब्द तेवढाच.

मग घरी आलं ते कोण?

हे मी स्वतःला समजावून सांगू शकलो असतो. वहिनीच्या डोक्यावर परिणाम झाला, आम्ही दमलो होतो, धुक्यात आवाज फसवतात. सगळं समजावलं असतं. पण दादाची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. डॉक्टरने ती सोडवायचा प्रयत्न केला, सुटेना. मुठीतून दोर लोंबत होता. एक टोक मनगटाला दोन वेढे देऊन, दुसरं मोकळं.

मोकळं टोक ताजं कापलेलं होतं. सुरीच्या एका फटक्यात.

बायकोने होडीतला उरलेला दोर आणला. तिने ती टोकं एकमेकांना लावून पाहिली नाहीत. गरज नव्हती. तो दोर तिनेच वळला होता.

आणखी एक गोष्ट. ती मी तिला दाखवायला नको होती, पण तिनेच पाहिली. दरवाजाच्या अलीकडे, आम्ही नेहमी ज्या वाटेने यायचो बरोबर तिथे, मुळासकट उपटलेलं एक मोठं झाड वाहत येऊन अडकलं होतं. पाण्याखाली अर्धं, वर नुसत्या टोकदार फांद्या. एका फांदीवर आमच्या होडीचा निळा रंग खरवडून लागला होता.

सरळ गेलो असतो तर होडी त्यावर फाटली असती. दोराने डावीकडे ओढलं म्हणून आम्ही त्याच्या कडेने निसटलो.

"तो वाचवत होता," बायको म्हणाली.

"तो बंधाऱ्यावर नेत होता."

"झाडाच्या पलीकडे काढत होता. काढून झालं असतं की त्याने वळवलं असतं. आणि मी त्याला न विचारता दोर कापला."

"तो आधीच गेलेला होता, अगं. तीन दिवस. डॉक्टर म्हणाला ना."

"मग टिटवी कोण म्हणालं?"

मी उरलेला दोर गुंडाळायला घेतला.

त्यानंतर आम्ही होडी विकली. वहिनी तिच्या बहिणीकडे राहायला गेली. आम्ही नदीकाठी एक खोली घेतली. दाराबाहेर पायऱ्या, पायऱ्यांखाली पाणी. मी म्हणत होतो पाण्यापासून लांब जाऊ. ती ऐकेना.

उरलेला दोर तिने खुंटीला टांगला. तो दोर कधी वाळला नाही. उन्हाळ्यातसुद्धा नाही. त्याखालची भिंत पोपडे धरून काळी पडली. मी दोनदा तो फेकायला काढला. दोन्ही वेळा तिने हातातून काढून घेतला आणि परत खुंटीला टांगला.

आणि रोज संध्याकाळी, दिवा लावण्याआधी, ती खालच्या पायरीवर जाऊन उभी राहायची आणि पाण्याकडे बघून म्हणायची, "सोड, दादा."

मग थांबायची. "सोडला" ऐकायला.

ते कधी आलं नाही. ती वर यायची आणि भात टाकायची, आणि मला म्हणायची, "अजून धरून आहे बिचारा." असं सहज म्हणायची, की कुणी गावाला गेलेल्या माणसाबद्दल बोलतंय असं वाटावं.

बाकी ती ठीक होती. मला अक्षरं गिरवायला लावायची, वेलांटी चुकली की टपली मारायची. "जावईबापू, लक्ष कुठे आहे?" असं दादाच्या सुरात म्हणून स्वतःच हसायची. अशी वर्षं गेली. मला वाटलं, गेली ती गेली.

या आठवड्यात धुकं पडलं आहे. तसंच. दाट.

आज सकाळी मला जाग आली तेव्हा ती अंथरुणात नव्हती. खुंटीवर दोर नव्हता. दार उघडं.

मी खिडकीशी गेलो. खाली काही दिसत नव्हतं. पायऱ्या तिसऱ्या पायरीनंतर संपल्यासारख्या वाटत होत्या. पण मला तिचा आवाज ऐकू आला. कुणाशी तरी बोलत होती. हळू, लाडिक, लहान मुलीसारखं.

मग पलीकडून, पाण्यावरून कुणीतरी काहीतरी ओरडलं. शब्द नीट कळला नाही. एकच होता, छोटा.

आणि बायको ओरडली. घाबरून नाही हो. आनंदाने. दोर अचूक झेलल्यावर माणूस ओरडतो तशी.

"हातात!"

मग शांत झालं.

मी चप्पल शोधत होतो तेवढ्यात ती वर आली. केस ओले, पदर ओला, हात रिकामे. दोर नव्हता. मला खरं सांगू? बरं वाटलं. म्हटलं, सुटली एकदाची. दिला टाकून.

"भिजलीस किती," मी म्हणालो. "बस. मी चहा करतो."

ती माझ्या खुर्चीवर बसली. मी चहा केला, तिला जसा लागतो तसा, कमी साखरेचा. कप तिच्या पुढे केला. तिने तो धरला. माझ्याकडे बघून नाही, समोर भिंतीकडे बघून.

आणि म्हणाली...

तुम्हाला कळलं असेल काय म्हणाली.

त्याला आता दिवस होत आला. मी हे लिहितोय, ती मागे बसली आहे. इतक्या चुका झाल्या असतील, तिने एकही दाखवली नाही. कप तसाच आहे, काठोकाठ. खुर्चीखाली पाणी साचलंय, ते मघाशी माझ्या पायाला लागलं.

खाली पायऱ्यांवर जाऊन पाहायला हवं, हे मला कळतं. मी मूर्ख नाही. धुकं उठलं की पाणी तळापर्यंत दिसेल. म्हणून मी खिडकी लावून घेतली आहे.

आणि कुठला शब्द म्हणायचा असतो, तेही मला ठाऊक आहे. आमच्या पाण्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तो शब्द मी म्हटला की ती उत्तर देईल आणि उठून जाईल.

मी म्हणणार नाही.